वृषण, बुइन आणि कावीळ

"सर, फॉर्मलिन प्रेतांना शोभतं! वृषणाला बुइनच हवं!"

भर प्रयोगशाळेत आपल्या गाइडला असं ठणकावून सांगायला छाती लागते. आमच्या सूनबाईंना ती होती. पुढे काय झालं ते ऐका.

सूनबाई पीएच.डी. करत होत्या, वटवाघळांच्या प्रजननावर. नराचं वृषण वर्षातून थोडेच दिवस फुगतं, एरवी आक्रसून मुगाएवढं! वर्षाला एकच नर पकडायची परवानगी. त्यातल्या पेशी जशाच्या तशा टिकवणारं द्रावण चुकलं, की आख्खं वर्ष बुडालं.

सरांची हयात फॉर्मलिनमध्ये गेलेली. बुइन म्हणजे पिवळंजर्द द्रावण. पेशी कशा लख्ख दाखवतं! पण दुसऱ्याच दिवशी तुकडे काढून अल्कोहोलमध्ये टाकावे लागतात, नाहीतर ते ठिसूळ होतात. "उद्या काढतेच की!" सूनबाई म्हणाल्या. हातमोजे होते, पण सरांच्या मापाचे. एवढ्याशा गोळ्याचे काप करताना ते मध्येमध्ये येऊ लागले, तेव्हा भिरकावून दिले. तळवे, नखं, सगळं पिवळं झालं. साबणाने जाईना.

घरी चहाचा कप पुढे करताना सासूबाईंनी ते हात पाहिले.

"अगंबाई! कावीळ!"

"नाही हो आई, लॅबमधला रंग आहे."

"माझ्या थोरल्या जाऊबाईही काही नाही, काही नाही म्हणत होत्या. गेल्या!"

नवऱ्याने दिव्याखाली नेऊन पापणी ओढली. "डोळेही पिवळट दिसताहेत गं."

"अरे, बल्ब पिवळा आहे!"

"बघ आई, चिडचिडही वाढलीय!"

सकाळी डॉक्टरांनी रक्त काढलं आणि रिपोर्ट येईपर्यंत अंथरूण धरायला सांगितलं. खोलीबाहेर सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. सूनबाईंनी पांघरुणात शिरून सरांना फोन लावला.

"सर, माझे तुकडे आज अल्कोहोलमध्ये टाका ना. प्लीज!"

"वेडी आहेस का? आधी तब्येत! तुकडे कुठे पळून जातात?"

"सर, ते फॉर्मलिन नाहीये!"

तेवढ्यात सासूबाईंनी फोन काढून घेतला. सर मनाने फार चांगले. फॉर्मलिनमधला तुकडा महिनोन्‌महिने विसरला तरी चालतो, या आयुष्यभराच्या सवयीने ते निश्चिंत झाले. वर सगळ्यांना ताकीद दिली, तिच्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही!

रिपोर्ट यायला आठवडा गेला. यकृत ठणठणीत! सूनबाई धावत लॅबमध्ये गेल्या. तुकडे मेणात बसवले, पातळ काप घ्यायला यंत्र फिरवलं, तर पात्याखालून नुसता भुगा पडला. सगळ्या तुकड्यांचं तेच. बाहेर हंगाम संपला होता.

"म्हणून मी फॉर्मलिन म्हणत होतो," सर हळूच म्हणाले.

सूनबाईंना ढसाढसा रडू आलं. सगळ्यात जास्त राग याचा, की चिडायलाही कुणी नव्हतं. ज्याने त्याने माया केली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी त्यांचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. आठवडाभरात रंग आपसूक गेला होता.

"उतरली की नाही कावीळ? सक्तीने झोपवलं म्हणून! पुन्हा वाटलं तर लगेच सांग हं."

"सांगते ना, आई," सूनबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी याच महिन्यात होणार आहे."