पहिल्या धारेची निलगिरी

सरस्वतीअक्काचा फोन आला तेव्हा सत्यवती बांगड्यांना मीठ लावत होती.

"अगो सत्या, आयतवारी राखणदाराच्या मानाक येतंय हां. पण यंदा माझी पिशवी विनोदिनीकडे. तिच्या घरात वास कसो मस्त येता! आणि डास म्हणशील तर औषधाक नाय."

"बरा," सत्यवती म्हणाली. फोन ठेवला आणि हातातल्या बांगड्याला एवढं मीठ चोळलं, की त्या दिवशीचं माशांचं हुमण तिच्या नवऱ्यानं, दत्तारामानं, दोन घास खाऊन बाजूला सारलं.

आता तुम्ही म्हणाल, पिशवी ती काय, आज इथं टांगली, उद्या तिथं. तसं नाही हो. सरस्वतीअक्का म्हणजे दत्ताराम आणि गणेश या दोघा भावांची थोरली बहीण. दिली डिचोलीला. दरवर्षी काजूच्या हंगामाच्या तोंडाला पार्श्यात गावच्या राखणदाराला, म्हणजे शिवार राखणाऱ्या देवाला, मान द्यायचा असतो, त्याला ती येते. दोघा भावांची घरं समोरासमोर, मध्ये एकच अंगण, खळं. अक्का बसमधून उतरली की अख्खा वाडा बघतो, पिशवी कुठल्या घरात गेली. ज्या घरात गेली ते घर मोठं. आणि मग वर्षभर डिचोलीत तेच सांगणं: आमची सत्या अशी रांधते, आमची सत्या तशी वाढते. सत्यवती थोरली सून. लग्न होऊन आल्यापासून ती पिशवी तिच्याच खुंटीला. त्या पिशवीच्या बंदानं खुंटी घासून गुळगुळीत झालेली.

आणि आता तीच पिशवी धाकट्या जावेकडे चालली, कशामुळे, तर निलगिरीच्या तेलामुळे!

विनोदिनीनं वर्षापूर्वी महिला मंडळात शिकून घेतलं होतं. निलगिरीचं तेल घालून ती फरशी पुसायचं पाणी करी, साबण करी, कपाटात ठेवायच्या पुरचुंड्या करी, आणि खोलीत मारायचा फवाराही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मांडून बसे आणि दुपारपर्यंत रिकामी टोपली घेऊन परते. तिच्या घरावरून वारा आला की खळंभर थंडगार वास. दत्ताराम अंगणात उभा राहून त्या दिशेला नाक करून असा काही श्वास घेई, की बस. एवढ्या नाकपुड्या त्यानं सत्यवतीच्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, हुमणालाही कधी फुगवल्या नव्हत्या.

चवथीला विनोदिनीनं फरशीच्या पाण्याची एक बाटली आणून दिली होती. "वैनी, वापरून बघा." सत्यवतीनं ती नेऊन गोठ्यात ओतली. त्यावर गाय इतकी खुशीत दिसली, की सत्यवती दोन दिवस गायीशीही बोलली नाही.

कसं करतात ते विचारलं असतं तर विनोदिनीनं सांगितलं असतं. पण विचारायचं कोणी? जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, आड उभी राहून मात्र सत्यवतीनं ऐकलं होतं. विनोदिनी गिऱ्हाइकाला सांगत होती, "बाल्दीभर पाण्याक चार थेंब. त्यापरास जास्त नको हां."

"चार थेंब!" सत्यवती जनेलाआड पुटपुटली. "कंजूष मेली."

मग तिच्या डोक्यात आलं. डोंगरावर निलगिरीची झाडं सरकारनं कधीची लावून ठेवली आहेत. आणि तेल काढायला आणखी काय लागतं? आपल्या घोवाची भाटी आहे की!

भाटी म्हणजे काजूची. बोंडांचा रस आंबवून तांब्याच्या मोठ्या भांड्यात घालायचा, तोंड वारुळाच्या मातीनं लिंपायचं, खाली जाळ लावायचा. वाफ नळीतून जाते, नळी पाण्याच्या पिंपात बुडालेली. दुसऱ्या टोकाला थेंब थेंब हुर्राक, पहिल्या धारेची दारू. दत्तारामाच्या आज्यापासूनची भाटी. सत्यवतीनं इतकी वर्षं तिच्याखाली लाकडं सारली होती, तिला ते डोळे मिटून येत होतं.

शुक्रवारी दत्ताराम म्हापशाला मडकी आणायला गेला. विनोदिनी बाजारात. सत्यवतीनं डोंगरावरून पानांचे भारे आणले, भांड्यात दाबून भरले, पाणी ओतलं, तोंड लिंपलं आणि जाळ घातला. दुपारी नळीतून पाणी ठिबकलं आणि पाण्यावर तेल! चांगलं खोकल्याच्या औषधाची बाटली भरेल एवढं. सत्यवतीला वाटलं, आत्ताच्या आत्ता अक्काला फोन करावा.

भांडं तिनं चिंच आणि राखेनं असं घासलं, की तोंड दिसावं. नळी मात्र तशीच राहिली. नळीच्या आत हात जातो कुणाचा?

घरी आली आणि फरशी पुसायला घेतली. चार थेंब नाही. बाल्दीत अर्धी बाटली. उरलेलं पडद्यांना, उशांना, मच्छरदाणीला, आणि अक्का जिथं पिशवी टांगते त्या खुंटीलाही बोटभर चोळलं. सगळ्यात आधी कोंबड्या बाहेर पडल्या. पाठोपाठ टायगर कुत्रा, तो थेट विनोदिनीच्या ओट्यावर जाऊन पडला. घरचं कुत्रं शत्रूच्या ओट्यावर! सत्यवतीनं दात ओठ खाल्ले. पण डोळ्यांतून एवढं पाणी वाहत होतं, की नीट रागावताही येईना.

दत्ताराम मडकी घेऊन दारात आला आणि तिथंच थांबला.

"काय गो, कोण आजारी आसा? डॉक्टर येवन गेलो?"

"कोण नाय आजारी. घर पुसलंय."

"कशान? बामान?"

"तुमका परक्याच्या घरातलो वास गोड लागता. आपल्या घरातलो आला की बाम!"

दत्ताराम शहाणा माणूस. गप्प जेवायला बसला. जेवताना त्याच्याही डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात शेजारची स्नेहा विरजण मागायला आली. बघते तर नवरा-बायको ताटावर बसून रडतायत.

"अरे देवा! अक्काक काय झाला?"

"अक्काक कायच झाला नाय. वास येता तेचा," सत्यवती डोळे पुसत म्हणाली.

"खंय येता?" म्हणून स्नेहा आत शिरली, आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर आली. ते रस्त्यावरच्या पोदेरानं बघितलं. पोदेराची सायकल पाव घेऊन घरोघरी जाते, अक्का गेल्याची बातमी काय मागे राहते? संध्याकाळपर्यंत चारजणं तोंड पाडून समाचाराला आली. दारातच त्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे कुणाला काही समजवायची सोयच उरली नाही. शेवटी अक्कालाच फोन लावून तिचा आवाज सगळ्यांना ऐकवावा लागला.

"मेल्यांनो, माका जिती ठेवा!" अक्का फोनमधून ओरडली. "आणि माझ्या नावान कोणी जेवला असात तर रविवारी येवन भरून घेतलंय!"

शनिवारी दत्तारामानं हंगामाची पहिली भाटी लावली. या पहिल्या हुर्राकाचा एक रिवाज आहे. राखणदाराला दाखवल्याशिवाय त्यातला थेंब कुणी जिभेला लावत नाही, भाटीवाला स्वतःही नाही. तो फक्त वास घेतो, तळहातावर चोळून. दत्तारामाचं नाक त्या कामात गावात एक नंबर. त्यानं तळहात नाकाशी नेला. निलगिरी. पण कालपासून त्याला चहालाही निलगिरी येत होती, भातालाही, अंगातल्या सदऱ्यालाही. हुर्राकाला आली यात नवल ते काय? त्यानं निमूट बाटली भरली. मनातून मात्र तो हादरला होता. भाटीवाल्याचं नाक गेलं की उरलं काय? 

रविवारी अक्का बसमधून उतरली ती पिशवी हातात घेऊन थेट राखणदाराच्या थळावर. शेताच्या कडेला मोठं झाड, खाली शेंदूर फासलेला धोंडा, आणि गाव जमलेलं. नारायण गावकर मानकरी. म्हातारा वर्षभर चोंदलेल्या नाकानं जगत होता; तो गाऱ्हाणं घालायचा तेव्हा ते राखणदाराला कळत असेल, माणसांना तर कळत नव्हतं.

त्यानं हुर्राकाची धार धोंड्यावर धरली. मग नारळाच्या करटीत ओतून पहिला घोट स्वतः घेतला.

आणि बाजूला थुंकला.

"दत्ता," तो म्हणाला, "राखणदाराक खोकलो झालो काय रे?"

करटी हातोहात फिरली. ज्यानं त्यानं हुंगली आणि मान वळवली. सगळ्या माना एकाच दिशेला. हा वास अख्ख्या पार्श्यात कुणाचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"विनोदिनी," अक्का म्हणाली, "तू भाटीत हात धुतलंस काय गो?"

विनोदिनीचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, शपथ. मी भाटीकडे फिरकाक सुद्धा नाय."

"मगे हो वास कोणाचो?" दत्ताराम ओरडला. "आमच्या आज्यापासून मान आसा आमचो! आज गावासमोर नाक कापला!"

विनोदिनीचा नवरा गणेश मुरगावच्या बंदरातून खास या दिवसासाठी रजा काढून आला होता. तो खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

सत्यवतीला त्याच क्षणी उमगलं. नळी!

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर ज्या वासानं तिचा जीव जाळला, तोच वास आज विनोदिनीला जाळत होता. आणि अक्काच्या हातातली पिशवी हळूच या हातातून त्या हातात गेली, सत्यवती उभी होती त्या बाजूच्या. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. सत्यवतीनं हात जोडले आणि देवभोळा चेहरा करून डोळे मिटले.

"गाऱ्हाणा घाला, गावकारांनू," कुणीतरी म्हणालं.

नारायण गावकर पुढे झाला. "बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आज तुझ्या मानाच्या हुर्राकात ज्या कोणी ह्या केल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका... तेका..." म्हातारा थांबला. त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा, लांबलचक. दोन्ही नाकपुड्या बैलासारख्या फुलल्या. "अरे! नाक सुटला!" आवाज घंटेसारखा खणखणीत. "तेचा बरा कर रे म्हाराजा! तेका सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं गाव म्हणालं, आणि मग हसायला लागलं.

झालं. बाटलीभोवती झुंबड. "पिव नको रे, ता पोटात घेवचा नसता!" असं विनोदिनी ओरडली म्हणून लोक नुसतेच हुंगू लागले. कुणाची डोकेदुखी उतरली, कुणाचं पडसं. नारायण गावकर तर काजूच्या मोहराचा वास घेत झाडाभोवती फिरत होता.

"विनोदिनी, गुण आसा गो तुझ्या हाताक!" कुणीतरी म्हणालं.

"पण मी खरोखर काय केलंय नाय..."

"लाजता बघा!" अक्कानं विनोदिनीच्या पाठीवरून हात फिरवला. "घरची लक्ष्मी ती हीच."

आता बघा, जावेवर आळ आला तेव्हा सत्यवती गप्प राहिली होती. सगळा हंगाम गप्प राहिली असती. पण जावेचं कौतुक? आपल्या तेलाचं कौतुक, आपण भारे वाहिले त्याचं कौतुक, आणि तेही घरची लक्ष्मी म्हणून!

"ता मी केलंय!" सत्यवती किंचाळली. "मी! डोंगरावरसून पानां मी आणलंय! ह्यांच्या भाटीत घालून तेल मी काढलंय! चार थेंब नाय, बाटलीभर!"

झाडावरचा कावळा उडाला. मग सत्यवतीची नजर नवऱ्याकडे गेली.

"माझ्या आज्याच्या भाटीत?" दत्ताराम म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "थांब. म्हणजे माझा नाक गेला नाय?"

"नाक कित्याक जातला?"

"नाक शाबूत आसा!" दत्तारामानं आनंदानं गणेशाला मिठी मारली. मिठी सुटल्यावर त्याला आठवलं, की आपण रागावलोय.

राखणदाराला मग गेल्या वर्षीची जपून ठेवलेली फेणी दाखवली, दोनदा गाऱ्हाणं घातलं, आणि मान पुरा झाला. दत्तारामानं भाटीची नळी उपटून शेतात फेकली. घरी येऊन उशी उचलली, वास घेतला, उशी टाकून दिली आणि नुसती चटई घेऊन खळं ओलांडून भावाच्या ओट्यावर गेला. तिथं टायगर होताच. कोंबड्याही होत्या. परवा समाचाराला आलेल्यांपैकी दोघंही तिथं चहा पीत बसले होते.

अक्का खळ्यात पिशवी घेऊन उभी. तिनं विनोदिनीच्या ओट्याकडे बघितलं. पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं सत्यवतीच्या दाराकडे बघितलं. माणूस नाही, कुत्रं नाही.

"जळ्ळा मेला," ती म्हणाली. पदर नाकाला लावला आणि सत्यवतीच्या घरात शिरून पिशवी खुंटीला टांगली.

दोघी जेवायला बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, भात-हुमण पोटात जातंय.

"हुमण बरा झालासा," अक्का नाक पुसत म्हणाली.

"आणि वास?"

"गप जेव."

समोरच्या ओट्यावर दत्ताराम आणि गणेश मोठ्यानं हसत होते. विनोदिनी हसत नव्हती. ती दारात उभी राहून सत्यवतीच्या जनेलातून दिसणाऱ्या खुंटीकडे बघत होती. थोड्या वेळानं ती खळ्यात आली.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "एक विचारू? मी तेल दुकानातला आणतंय. तुमी पानां खयच्या डोंगरावरची आणलास?"

सत्यवतीनं तो आवाज लगेच ओळखला. वर्षभर तो तिच्याच घशात बसून होता. तिनं पदरानं डोळे टिपले, पाट सरकवून जनेलाशी आली आणि अगदी मायेनं म्हणाली,

"सांगतलंय गो, सगळा सांगतलंय. आधी माझो कुत्रो परत धाड. घोवाचा मागसून बघूया."