खांबाजवळची भरलेली ट्रॉली

"लोक दोन्ही डोळे उघडे ठेवून जे पाहू शकत नाहीत, ते मी एक डोळा मिटून पाहतो. माझ्या नजरेतून सुई सुटत नाही, सुईचं नेढं सुटत नाही, आणि दोरा ओवणाऱ्याच्या मनात काय आहे ते तर मुळीच सुटत नाही. माझ्या बुद्धीची कधीकधी मलाच भीती वाटते."

हे वर्णन आमच्या भाऊजींचं आहे आणि ते त्यांनी स्वतःच केलेलं आहे. प्रत्येक प्रकरणाची हकिगत याच ओळींनी सुरू व्हावी अशी त्यांची सक्त ताकीद आहे. मी त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि बिनपगारी सहायक. ज्या सकाळी त्यांनी या ओळी मला सांगून लिहून घेतल्या, त्या सकाळी ते घरभर चष्मा शोधत होते आणि माझी ताई तो हातात धरून त्यांच्या मागेमागे फिरत होती.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींनी चांगली कारकुनी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत गुप्तहेर कचेरी थाटली. मागच्या खोलीत ताई लोकांचे कपडे शिवते. मागच्या खोलीमुळे पुढची खोली चालते, पण हे भाऊजींना सांगायची सोय नाही.

त्या सोमवारी सकाळी पुढच्या खोलीत चक्क गिऱ्हाईक आलं. चौकातल्या सुपरमार्केटचे मॅनेजर. बिचाऱ्यांचा चेहरा पार उतरला होता.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, तिसऱ्या खांबाजवळ, सामानाने गच्च भरलेली ट्रॉली उभी असते. मालक गायब."

"काही चोरीला गेलं?"

"नाही हो. चोरी असती तर बरं होतं, चोरीचा आमच्याकडे रकाना आहे. हे घेतलेलंही नाही आणि नेलेलंही नाही. याला मी काय म्हणू?"

खरी अडचण पुढेच होती. ती ट्रॉली रिकामी करून एकेक वस्तू जागेवर लावण्याचं काम मावशींवर पडत होतं. मावशी म्हणजे दुकानात माल लावणाऱ्या बाई. त्यात त्यांचा तासभर जायचा, त्यांची नेहमीची फळ्या भरायची कामं मागे पडायची आणि ऐन गर्दीत फळ्या रिकाम्या दिसायच्या. वरच्या ऑफिसातले मोठे साहेब शनिवारी तपासणीला येणार होते. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, की बाईंना झेपत नसेल तर माणूस बदला.

"मावशींच्या पगारावर घरात चार माणसं जेवतात," मॅनेजर म्हणाले. "शनिवारच्या आत छडा लावा. नाहीतर मावशी जातील आणि ती ट्रॉली मला लावत बसावी लागेल."

त्यांनी आगाऊ फीचं पाकीट टेबलावर ठेवलं. भाऊजींनी एक डोळा मिटला. "प्रकरण गुप्त राहील," ते म्हणाले. "घरातसुद्धा कुणाला कळणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताईला तर अजिबात नाही."

दुपारी आम्ही सुपरमार्केटमध्ये गेलो. दार सरकलं आणि ताज्या पावाचा असा काही वास आला, की माझं नुकतंच झालेलं जेवण मी विसरलो.

"भट्टी मुद्दाम दाराशी ठेवलीय," मॅनेजर खालच्या आवाजात, पण अभिमानाने म्हणाले. "वासाने भूक चाळवते. भुकेला माणूस जास्त घेतो."

"माझ्यावर असल्या क्लृप्त्या चालत नाहीत," भाऊजी म्हणाले. तोवर त्यांच्या काखेत पाव आला होता.

मॅनेजरांनी सगळं दुकान फिरवून दाखवलं. दूध पार शेवटच्या कोपऱ्यात, म्हणजे दुधासाठी आलेल्या माणसाला सगळं दुकान ओलांडावं लागतं. घड्याळ कुठेच नाही. गाणी संथ, म्हणजे पायही संथ. महाग वस्तू बरोबर डोळ्यांसमोर आणि स्वस्त वस्तू गुडघ्यांशी. "स्वस्त हवं असेल त्याने वाकावं," मॅनेजर म्हणाले. "आणि ट्रॉल्या आम्ही गेल्या वर्षी मोठ्या केल्या. अर्धी रिकामी ट्रॉली ढकलायची लोकांना लाज वाटते."

"साध्या माणसांना वाटत असेल," भाऊजी म्हणाले. ते मोठी ट्रॉली ढकलत होते. तीत पाव, एक न चिकटणारी कढई, दोन विजेऱ्या आणि दोनावर एक मोफत म्हणून खिडक्या पुसायच्या पातळ औषधाच्या तीन बाटल्या होत्या.

"भाऊजी, आपल्या घराला खिडक्या दोन," मी म्हणालो.

"वेशांतर आहे हे. मी गिऱ्हाईक दिसलो पाहिजे."

ते गिऱ्हाईक फारच हुबेहूब दिसत होते. मॅनेजरांनी आगाऊ दिलेल्या फीमधला मोठा वाटा त्याच संध्याकाळी मॅनेजरांच्याच गल्ल्यात परत गेला. घरी ताईने पिशव्यांकडे पाहिलं, तर भाऊजी म्हणाले, "पुरावा आहे, हात लावू नकोस." ताई नुसती त्या कढईकडे जरा वेळ बघत राहिली.

पहिल्या दिवशी ट्रॉली सापडली तेव्हा आम्ही पैसे द्यायच्या रांगेत होतो. दुसऱ्या दिवशीही रांगेतच होतो. घड्याळ नसल्याने साडेपाच कधी वाजायचे ते भाऊजींना कळत नसे आणि माझे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले असत.

तरी सिद्धान्तांची काही टंचाई नव्हती. मंगळवारी भाऊजींनी जाहीर केलं, की हे पलीकडच्या दुकानदाराचं कारस्थान आहे. आम्ही पलीकडच्या दुकानात गेलो. दुकानदार काउंटरवर डोकं टेकून झोपला होता. कारस्थान करायचं तर त्याला आधी उठावं लागलं असतं.

बुधवारी ती चोरांची टोळी ठरली. लोक ट्रॉलीकडे बघत असताना टोळी दुसरीकडे हात मारते म्हणे. मॅनेजरांनी माल मोजून घेतला, तर सगळा जागच्या जागी. उलट पावाच्या फळीवर दोन पाव जास्त निघाले, त्याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही.

"साहेब," मावशी मध्येच म्हणाल्या, "मी काय म्हणते, ती बाई ना रोज—"

"मावशी," भाऊजींनी हात वर केला, "पुराव्याला बोलू द्या. माणसं बोलली की तपास भरकटतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या शाम्पूच्या बाटल्या उचलून निघून गेल्या.

गुरुवारी मात्र भाऊजींनी कमाल केली. त्यांनी ट्रॉलीतला एकेक जिन्नस जमिनीवर मांडला. निळ्या काठाचे चार कप होते, तयार पडद्यांची जोडी होती, अत्तराची छोटी बाटली होती. शिवाय पुरुषांचे दहा नंबरचे मोजे, कोंडा जाण्याचा शाम्पू आणि घोरणं थांबवायला नाकावर लावायच्या पट्ट्या.

"लिहून घे," भाऊजी म्हणाले. "या ट्रॉलीमागे एक पुरुष आहे. पाय मोठे, डोक्यात कोंडा, रात्री घोरतो. घरात कप फुटलेले आहेत आणि पडदे विटलेले आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. स्वतःच्याच तंद्रीत असतो. बहुधा कामधंदाही करत नसावा."

"भाऊजी—"

"मला त्याच्या बायकोची दया येते," ते डोकं खाजवत म्हणाले. "कशी राहत असेल बिचारी."

माझी नजर त्यांच्या बुटांवर गेली. मग मी ती काढून घेतली. मेहुण्याने काही गोष्टी बघायच्या नसतात.

"अहो साहेब, पुरुष नाही हो," मावशी म्हणाल्या. "ती बाईच आहे. मी हजारदा—"

"पुरुषच. पायावरून ठरलं." भाऊजींनी वही मिटली. "उद्या मी दुकानात येणारा प्रत्येक पाय तपासणार."

शुक्रवारी भाऊजी दुकानात खाली वाकून फिरत होते. मॅनेजर खूश झाले. त्यांना वाटलं, हे स्वस्त फळीवरचं बघतायत, म्हणजे आज काहीतरी वेगळं घेणार. मला तिसऱ्या खांबामागे उभं केलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझे हात रिकामे होते.

पाच वाजायला आले असतील तेव्हा ताई आली.

ताई संध्याकाळी शिवलेले कपडे पोचवायला जाते, ते मला ठाऊक होतं. पण ही ताई वेगळीच होती. केस नीट विंचरलेले, चाल सावकाश. ती मोठी ट्रॉली घेऊन तिने पहिल्यांदा मोजे घेतले, तळहातावर ताणून पाहिले आणि मनाशी मान डोलावली. मग कप. एक कप तिने चहा प्यायला धरतात तसा धरून पाहिला. पडदे तर तिने हातभर उलगडले आणि त्यांच्यातून पलीकडे बघत, कुठल्या खोलीला लावायचे ते ठरवत, कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

फिरून झाल्यावर तिने ट्रॉली खांबाला नीट टेकवून उभी केली, वरचे पडदे सरळ केले, आणि साबणाची वडी व मिठाची पिशवी एवढंच घेऊन पैसे द्यायला गेली.

माझी तर इकडे आड तिकडे विहीर झाली. एकीकडे मावशींची नोकरी, दुसरीकडे सख्ख्या बहिणीची अब्रू. तेवढ्यात भाऊजी धावत आले.

"अरे, तुझी ताई आलीय इथे. तिला घरी पाठव, तपासात अडथळा होतोय. आणि चल लवकर, माणूस सापडला!"

त्यांनी बिस्किटांच्या रांगेत एका लठ्ठ गृहस्थाचा पाय धरून ठेवला होता, म्हणजे आता त्यांनी तो पुन्हा धरला, आणि खिशातून ताईचा कापड मोजायचा टेप काढला. "साडेअकरा इंच," ते म्हणाले. "दहा नंबर. कबूल करा. रात्री घोरता की नाही?"

"घोरतो," गृहस्थ चकित होऊन म्हणाले. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

मॅनेजर येऊन पोचले आणि पांढरेफटक पडले. ते मोठे साहेब होते. न कळवता, एक दिवस आधीच आले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. साहेबांनी पाय सोडवून घेतला, काय प्रकार आहे म्हणून विचारलं, मॅनेजरांनी अडखळत सगळं सांगितलं आणि सगळा घोळका तिसऱ्या खांबाशी गेला. ट्रॉली उभी होती. मावशी तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"रोज तासभर यातच जातो तुमचा?" साहेबांनी विचारलं. "मग कसं जमायचं? सोमवारपासून दुसरी बाई बघा, मॅनेजर."

"थांबा," मॅनेजर म्हणाले. "मावशी, ट्रॉली कोण ठेवतं ते तुम्ही पाहिलंय ना? सांगा साहेबांना."

सगळे मावशींकडे बघायला लागले. पैसे द्यायच्या रांगेत ताई मीठ हातात धरून उभी होती. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. पाच दिवस सांगायला धडपडणाऱ्या मावशी आता एक शब्द बोलल्या नाहीत.

ताई रांगेतून बाहेर आली. "ती ट्रॉली माझी आहे," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "अगं, तू मध्ये पडू नकोस, आपण पुरुष शोधतोय." आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"इथे आलं की सगळंच हवंसं वाटतं," ताई साहेबांना म्हणाली. "आधी घेत होते. मग महिनाअखेरीला शिवणाच्या पैशांत बसेना. म्हणून ही युक्ती काढली. हवं ते सगळं घ्यायचं, अर्धा तास आपलंच समजून फिरवायचं, मन भरलं की ठेवून द्यायचं. मला वाटलं, यात कुणाचं काही जात नाही." ती मावशींकडे वळली. "तुमची नोकरी जातेय हे मला माहीत नव्हतं हो. शपथ."

साहेब बराच वेळ त्या ट्रॉलीकडे बघत होते. "सगळं मनाला पटलं होतं तर," ते म्हणाले. "मग आम्ही आणखी काय केलं असतं, म्हणजे तुम्ही हे घरी नेलं असतंत?"

"माझ्या नवऱ्याला नोकरी दिली असतीत तर."

भाऊजींना एकदम खोकला आला. साहेबांनी विचारलं, नवरा काय करतो, तेव्हा मॅनेजरांनी सांगण्याऐवजी भाऊजींची आठवड्याची बिलंच पुढे केली. साहेबांनी ती वाचली, भाऊजींना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "हे गृहस्थ असेच येत राहिले तर आपल्याला दोन मावशी परवडतील. कारण कळलं, झालं. बाई राहू देत कामावर."

भाऊजींनी कॉलर ताठ केली आणि मला म्हणाले, "लिही, प्रकरण निकालात."

मी काही लिहिलं नाही. मी ताईकडे बघत होतो. तिने ट्रॉली वळवली आणि मावशींच्या बरोबर सामान परत लावायला निघाली. कुठली वस्तू कुठल्या फळीवर ते तिला मावशींपेक्षाही पाठ होतं. पंधरा मिनिटांत ट्रॉली रिकामी झाली.

"इतके दिवस सांगायला बघत होतात, मग आज का नाही सांगितलंत?" ताईने विचारलं.

"पाठीमागे सांगणं वेगळं," मावशी म्हणाल्या. "समोर उभ्या बाईचं नाव कसं घ्यायचं?" त्यांनी हात झटकले. "उद्या येणार ना?"

ताईने मान खाली घातली. "नाही. आता कसली येते."

"या की. फक्त दहा वस्तू. तेवढ्या मी लावीन परत, येता-जाता होतं ते."

ताईने डोळे पुसले आणि जरा विचार केला. "पंधरा," ती म्हणाली.

"मग पडदे नाही घ्यायचे. घडी घालता घालता जीव जातो माझा."

"पडदे घेणार. मग तेरा करा."

"बारा, आणि घडी तुम्ही घालायची."

"चालेल," ताई म्हणाली. छापील किमतीच्या त्या दुकानात घासाघीस झाल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं, आणि सौदा दोघींनाही परवडला होता.