बप्पांनी नापास केलेल्या गाड्या

आमच्या भूमला कुणाच्या दारात विजेवर चालणारी भारी गाडी येऊन थांबली, की मालक खाली उतरायच्या आत बप्पा तिच्या टपावर दोनदा टकटक करतात आणि दरडावून विचारतात, "किती टप्पे?"

बप्पा माझे शेजारी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभा जन्म तिकिटं फाडण्यात गेल्यामुळं किलोमीटर हा प्रकार त्यांना मान्यच नाही. सहा किलोमीटरचा एक टप्पा, संपला विषय. एका चार्जिंगमध्ये गाडी पाचशे किलोमीटर जाते असं कुणी म्हणालं, की ते भडकतात. "कागदावरचं सांगू नका. कागदावर आमची गाडीबी टायमात सुटायची!" मग एसीचे इतके, चार माणसांचे इतके, चढाचे इतके असे टप्पे कापत ते खाली येतात, आणि मालकाचं तोंड पडलं की निकाल देतात, "नापास."

हे सगळं कशासाठी, ते गल्लीला ठाऊक होतं. बप्पांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, जळकोटला थोरल्या बहिणीकडं जायचं होतं. कमरेच्या ऑपरेशनपासून काकूंना इंजिनाची थरथर सोसत नाही. एकदा जीपमधून निघाल्या आणि वेशीपासूनच रडत माघारी आल्या. विजेच्या गाडीला थरथर नसते, हे त्यांना मीच सांगितलं. त्या दिवसापासून बाई आशेला लागली. बहिणीसाठी एक वाकळसुद्धा शिवून ठेवली. सकाळी निघायचं, तास दोन तास भेटायचं आणि दिवस मावळायला घरच्या खाटेवर परत. जाऊन-येऊन बेचाळीस टप्पे. एवढं जमवणारी गाडी भाड्यानं आणायची, की झालं.

पण बप्पांना एक गाडी पसंत पडेल तर शपथ. एकीचं छप्पर काचेचं. "भूमच्या उन्हात काच? आत मानूस बसवायचाय का वांगी भाजायची?" दुसरीच्या दाराचं हँडल आत लपणारं. "ज्या दाराला कडी न्हाय, त्या घरात जाऊ नये." तिसरी सगळ्यात बसली, तर वाटेत चार्जिंगला तासभर थांबावं लागेल म्हणून कटाप. तीन वर्षं हा तमाशा पाहून माझं शाळामास्तराचं डोकं फिरत चाललं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बायकोला बहिणीकडं न्यायची दानत नाही, म्हणून हा माणूस गाड्यांच्या खोड्या काढतो, असं माझं ठाम मत झालं होतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून माझा मेहुणा शिरीष आला. सोनारीच्या भैरवनाथाचं दर्शन करून मुक्कामाला आमच्याकडं. गाडी नवीकोरी, विजेची, पाहत राहावं अशी. मीच त्याला गळ घातली, उद्या काकूंना जळकोटला ने. तो आनंदानं तयार झाला. सकाळी काकू इरकल नेसून, वाकळ मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या.

बप्पा आले. टकटक. "किती टप्पे?"

"साठ धरा," शिरीष म्हणाला. "एसी लावून, चौघं बसून. आणि चार सेकंदात शंभरचा वेग!"

"चार सेकंदात? तिच्या कमरंत उसन भरंल की!"

"बप्पा, हळू चालवीन हो."

मग बप्पांनी खिशातून सुतळी काढली. काकूंच्या खाटेच्या उंचीला तिच्यावर गाठ मारलेली; त्याहून खाली किंवा वर काकूंना बसवत नाही. जमिनीपासून सीटपर्यंत मोजलं. गाठ बरोबर सीटला टेकली. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, सुतळी मुठीत चुरगळली आणि ओरडले, "नापास! खालून पोट घासतंया हिचं. गतिरोधकावर अडकंल!" आणि तरातरा गल्लीच्या कोपऱ्याकडं चालू लागले.

माझा पारा चढला. मागं धावत जाऊन मी त्यांना अडवलं. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. "बप्पा, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! तुम्हाला काकूंना न्यायचंच नाही!"

"व्हय!" तेही तेवढ्याच जोरात म्हणाले. "न्हाय न्यायचं!"

आणि एकदम भिंतीला टेकले.

"पेन्शनच्या कामाला धाराशिवला चाललो म्हनून सांगून, तीन सालामागंच म्या एकटाच जळकोटला जाऊन आलो, गुरुजी. म्हनलं, हिच्या अक्काला आधी सांगावं. अक्का धडधाकट हाय. च्या पाजला मला. मंग इचारलं, पाव्हनं कुन्या गावचं? म्या म्हनलं, कुसुमला घिऊन यिऊ का? तर म्हनली, कोन कुसुम?"

बप्पांच्या तोंडून बायकोचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हिची आई बाळंतपनात गेली. अक्कानं कडंवर घिऊन वाढीवली हिला. ती म्हनती, कोन कुसुम. अक्काला ऐकू येत न्हाय म्हनून फोनवर भाचीच बोलती, असं सांगून ठिवलंय म्या घरात. पर ह्या गाड्यांचं टप्पे दरसाली वाढाया लागलेत, गुरुजी. म्या कुठवर नापास करू?"

माझा संताप तसाच होता. आता तो कुणावर काढायचा, एवढंच कळत नव्हतं. ज्यानं काकूंना आशा लावली तो शहाणा तर मीच होतो.

आम्ही दोघं परत दारात आलो. आतून काकूंची हाक आली, "गुरुजी, झाली का गाडी पास?"

शिरीषनं हसून तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

"नापास, काकू!" मी ओरडलो. "पार भिकार गाडी आहे!"

शिरीष माझ्याकडं बघतच राहिला. बप्पांनी मान खाली घातली. आतून वाकळीची घडी नीट केल्याचा आवाज आला.

"असू द्या, गुरुजी," काकू म्हणाल्या. "पुढच्या साली आनखी लांब पळनारी येतीया म्हनं. वाकळ काय नासत न्हाय."