कडुलिंबाखालची बचत

जत तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयाचे ऊर्जा-नूतनीकरण पार पडले. छतावर उष्णता अडवणारा थर, नवे पंखे, नवे दिवे. वीजवापर चाळीस टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. तो खरा ठरला का, हे पाहायला सांगलीहून जरिना मुजावर ही अभियंता आली. वापर दुप्पट झाला होता.

कारण शोधायला तिला खटपट करावी लागली नाही. पूर्वी इमारत भट्टीसारखी तापे, तेव्हा मंडळी सही ठोकून अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसत. आता आत गारवा होता. त्यामुळे सगळे जागेवर बसत आणि बसल्या बसल्या कामही करत.

तिने अहवालात लिहिले, ‘वापर वाढला, कारण कार्यालय चालू झाले.’

कार्यालयप्रमुख धैर्यशील साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे योजना फसली?”

“नाही सर. कामं किती वाढली, तेही धरायला हवं. तुलनेची पद्धत बदलू.”

“पद्धत वरून ठरते. आपल्या हातात फक्त परिस्थिती असते.”

लगेच परिपत्रक निघाले. मोजणी न्याय्य व्हावी म्हणून कर्मचाऱ्यांनी पूर्ववत कडुलिंबाखाली बसावे. तरीही बचतीचा आकडा थोडा कमी पडला. मग अभ्यागतांना ‘अनधिकृत उष्णतास्रोत’ ठरवून दाराला कुलूप लावले.

दारात जरिनाला बयाबाई भेटली. नातीच्या कॉलेज प्रवेशासाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता.

“आवं बाई, सायेब कवा भेटत्याल?”

“मोजणी संपल्यावर, मावशी. वीज वाचवायची आहे.”

“म्या दिवा लावा म्हनत न्हाई. निस्ती सही मारा म्हनत्ये. सही उनातबी हुती.”

जरिनाने नव्या आकड्यांनी अहवाल फिरवायला नकार देऊन पाहिला, तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितले, की सही करायला मिरजेचा एक अभियंता तयार आहे. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी सही केली. बचत अंदाजाहून जास्त भरली.

सांगलीत सत्कार झाला. सभागृह इतके गार होते की जरिनाने पदर अंगभर लपेटून घेतला. शाल पांघरलेले साहेब म्हणाले, “लोकसहभागाशिवाय हे अशक्य होतं.”

हे मात्र खरे होते. बयाबाईच्या नातीची प्रवेशाची मुदत टळून गेली आणि कार्यालय अजून बंदच आहे. पण सत्काराचा फोटो त्याच संध्याकाळी घरोघरच्या मोबाईलवर पोहोचला. तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही अंगठा दाखवलात आणि पुढे पाठवलात.