मावत नाय!

नाटेकर समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायचे, आणि तेही बोटाने. तुम्ही आपले पोरीच्या स्थळाबद्दल सांगताय, मुलगा लांज्याला काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आईवडील चांगले आहेत, आणि एवढ्यात नाटेकर एक डोळा मिटून तर्जनीने तुमच्या डोक्याभोवती हवेत एक गोल काढणार. मग मान हलवून म्हणणार, "मावत नाय. कापून बोल."

गोल म्हणजे फुगा. चित्रकथेतल्या माणसांच्या तोंडून निघतो तो. माणसाने एका वेळी फुग्यात मावेल इतकंच बोलावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हा नियम ते अख्ख्या रत्नागिरीला लावत. एकदा एका शोकसभेत वक्ते मयताच्या आजोबांपासून सुरू झाले. बराच वेळ गेला तरी गाडी मयतापर्यंत येईना. मागून आवाज आला, "मावत नाय!" मयताचा मुलगा वळून असा पाहत राहिला की मला घाम फुटला. पण वक्ते दोन वाक्यांत खाली बसले आणि लोक घरी जेवायला वेळेवर पोचले. वाईट कोणालाच वाटलं नाही, पण तसं बोलून कोण दाखवतो?

श्रीधर नाटेकर मूळचे नाव सांगतं त्याच गावचे. नोकरी सरकारी कचेरीत ट्रेसरची, म्हणजे साहेबांनी काढलेले रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे नकाशे शाईने गिरवायचे. निवृत्त झाल्यावरही ते शर्टाच्या खिशात रेघा मारायचं पेन घेऊन फिरत. आमच्या साप्ताहिकात त्यांची 'वैनी' नावाची चित्रकथा कित्येक वर्षं येत होती. मी तिथे प्रुफं तपासायचो आणि दर सोमवारी मांडवीच्या रस्त्याला त्यांच्या घरी जाऊन चित्र घेऊन यायचो. मग ते छपाईचा ब्लॉक करायला एस्टीने कोल्हापूरला जाई. हातखंब्याला गाडी बंद पडली की त्या आठवड्यात वैनी गप्प, असा हिशोब होता.

चित्र काढायची त्यांची पद्धत जगावेगळी. बाकीचे चित्रकार आधी चौकट आखतात, त्यात माणसं काढतात आणि उरलेल्या जागेत बोलणं कोंबतात. नाटेकरांचं सगळं उलटं. आधी अक्षरं. अक्षरांभोवती फुगा. फुग्याला शेपूट. शेपटीच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती चेहरा, आणि मग जागा उरली तर बाईला हातपाय. चौकट सगळ्यात शेवटी. "आधी फुगा, मंग माणूस," ते म्हणत. "माणसाला वाकवता येता, अक्षराला नाय येत." त्यामुळे त्यांची वैनी पुष्कळदा मान वाकडी करून कोपऱ्यात अंग चोरून उभी असे, आणि नवरा असलाच तर खुर्चीवर नुसता बसलेला. पुण्याच्या एका पाहुण्याने त्याला शैली म्हटलं होतं. नाटेकर म्हणाले, "शैली कसली, जागाच नव्हती."

आणि ती अक्षरं तरी कुठून यायची? त्यांच्या बायकोच्या तोंडून. सुलोचनावैनी चौथी शिकलेल्या, पण बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याचा चहा निवावा. नाटेकर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसत, मांडीवर पाटी. त्या बोलत, हे उतरवून घेत. "सुरमयीचा भाव इचारला तर म्हावरेवाली अशी बघते, जशी काय मी तिच्या लेकाला मागणी घातली!" की गेलं पाटीवर. "सरकारचे रस्ते काढतात सरळ, नि घरातला खिळा ठोकतात तो वाकडा!" हेही पाटीवर. स्वतःच्या मनाने नाटेकरांनी एक वाक्य कधी घातलं नाही. पाटीवरचं फुग्यात गेलं की पाटी पुसायची. वैनींना आपलं बोलणं पेपरात येतं याचं काही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "माझा नाक येवढा मोठा हाय काय हो?" त्या मला विचारायच्या. काय सांगणार कप्पाळ! नाक होतंच मोठं.

शेपटीची चूक मात्र नाटेकरांनी एकदाच केली, निवडणुकीच्या दिवसांत. चित्रात एक उमेदवार हात जोडून दारात उभा आणि वैनी म्हणतायत, "मागच्या खेपेचा नळ अजून सुकाच हाय." घाईत शेपूट गेली उमेदवाराच्या तोंडाला. अंक बाहेर पडला आणि लोक म्हणाले, पहिल्यांदाच हा गृहस्थ खरं बोलला. आमचा संपादक पुढे आठवडाभर कचेरीत मागच्या दाराने येत होता.

मग एका सकाळी देवाला फुलं काढताना वैनी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. मला वाटलं, चित्रकथा संपली. तेराव्यानंतरच्या सोमवारी मी नुसता बसायला म्हणून गेलो, तर चित्र तयार. वैनींचं कधीतरी बोललेलं आठवून आठवून ते फुग्यात घालत होते. कधी अर्धंच वाक्य आठवे, मग अर्धंच छापलं जाई, आणि वाचक त्यावरही हसत. मला मात्र प्रुफावरचं ते अर्धं वाक्य बघवत नसे.

वर्षभर असं चाललं आणि त्यांचा हात कापायला लागला. जन्मभर ज्याची रेघ केसभरही वाकडी गेली नाही तो हात, पण आता वैनींचा चेहरा थंडीतापात कुडकुडल्यासारखा दिसायला लागला. अंबाड्यावर शाईचे ठिपके सांडत. ब्लॉकवाल्याने विचारलं, चित्र पाण्यात पडलं होतं काय? संपादक माणूस वाईट नव्हता. तो मला म्हणाला, "तूच सांग त्यांना. आता थांबूया."

मी सांगितलं. नाटेकरांनी ओलं चित्र वाळायला खिडकीत ठेवलं. मग म्हणाले, "लिमया, पेपरात येते तवर ती हाय रे. बंद झाली म्हणजे गेली." मी तसाच परत आलो आणि संपादकाशी भांडलो. तो म्हणाला, रेघ स्वच्छ आली तर छापतो, नाहीतर नाही.

त्याच सुमारास एस्टी स्टँडजवळ गावातला पहिला कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि देवळात शिरावं तसं आत जायचं. निम्मी मुलं शिकायला यायची, निम्मी एसीच्या गारव्याला. मशीनची रेघ कापत नाही एवढं नाटेकरांना कुठूनसं कळलं आणि ते क्लासच्या दारात धोतर सावरत उभे राहिले. शिकवणारा सावंत मुंबईहून आलेला, चांगला पोरगा. "काका, हे हिशोबासाठी असतं," तो म्हणाला. नाटेकरांनी त्याच्या डोक्याभोवती गोल काढला आणि खुर्ची ओढली.

दोघांनी मिळून एक रीत बसवली. नाटेकर घरी चौकोन छापलेल्या कागदावर वैनी काढायचे, एकेका चौकोनात फुली मारून. "हात हलला तरी चौकोन हलत नाय," हा त्यांचा शोध. मग क्लासमध्ये ते डावीकडून कितवा आणि वरून कितवा ते सांगत, सावंत बटणं दाबी, आणि काळ्या पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उजळे. रेघ सरळ यायची, पण गोलाई काही जमेना. अंबाड्याला पायऱ्या पडल्या, गालाला कोपरे आले. नाटेकर पडद्याकडे बघून म्हणाले, "ही बाई हाय काय चिऱ्यांचा गडगा?" क्लासमधल्या मुली हसल्या. नाक तेवढं हुबेहूब आलं होतं. ते बघून मीही हसलो, आणि लगेच वाईट वाटलं.

एकदा चेहरा पुरा होत आला आणि वीज गेली. सावंत कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, साठवलं नव्हतं. सगळं गेलं." मी नाटेकरांकडे बघायचं टाळलं. ते कागद नीट करत म्हणाले, "परत सांगतो. घे, वरनं."

खरी अडचण पुढेच होती. त्या मशीनला मराठी येत नव्हतं.

"इंग्रजी अक्षरांत टाकू का, काका? वाचता येईल सगळ्यांना."

"तिला नाय येणार," नाटेकर म्हणाले.

मग मराठी अक्षरंही फुल्याफुल्यांनीच काढायची ठरली. पण एकेक अक्षर व्हायला लागलं वैनींच्या डोक्याएवढं, आणि पडदा तो केवढासा! फुग्यात जेमतेम एक शब्द बसणार. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापलेल्या माणसाला आता तिचं सगळं बोलणं कापून एक शब्द ठेवायचा होता. मी मूर्खासारखं सुचवलं, सुरमईवालं घ्या. लोकांना आवडलं होतं. नाटेकरांनी कापऱ्या बोटाने हवेत गोल काढायला सुरुवात केली आणि अर्ध्यात हात खाली घेतला.

पुढच्या सोमवारी त्यांनी निरोप धाडून मला बोलावलं. कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर दोन चौकटी छापून आल्या होत्या. पहिलीत वैनी दारात उभ्या. फुग्यात एकच शब्द, "आयकलात?"

दुसरीत खुर्चीवर नवरा. त्याच्या डोक्यावर फुगा आणि फुग्यात, "होय."

मला काही क्षण कळेना, यात खटकतंय काय. मग लक्षात आलं. मी नाटेकरांना म्हटलं, "भाऊ, इतक्या वर्षांत नवऱ्याला फुगा कधी नव्हता."

"ती बोलायची, मी लिवून घ्यायचो," नाटेकर म्हणाले. "मधनंच इचारायची, आयकलात? मी म्हणायचो, थांब गो, लिवतोय. माझा ध्यान पाटीत. उत्तर द्यायचा ऱ्हायला रे." कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "येवढा छाप. मंग बंद केलास तरी चालेल."

चित्र बघून संपादकाने चष्मा काढला, पुसला, आणि काही न विचारता छापायला दिलं. संध्याकाळच्या एस्टीने ते कोल्हापूरला गेलं. 'वैनी' तिथे संपली. कोणा वाचकाने विचारलंसुद्धा नाही.

सवयीने मी त्यापुढच्या सोमवारीही गेलो. द्यायला काही नव्हतं, घ्यायला काही नव्हतं. नाटेकरांनी स्वतः चहा केला, बराचसा बशीत सांडला. पावसापाण्याचं बोलत बसलो होतो. मध्येच त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि म्हणाले, "होय."

आत कोणी नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, साखर बरोबर झाली का. मी झाली म्हटलं आणि चहा संपवला.