नमुना क्रमांक आठ

"रविवारी चिमणीचं डोकं मी धुणार. माझ्या शाम्पूनं!" सासऱ्यांनी जाहीर केलं आणि सूनबाईंनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

सासरे साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं तिथं काढली, पण सगळी पॅकिंग खात्यात. नात चिमणी दर रविवारी न्हाताना डोळे झोंबतात म्हणून घर डोक्यावर घेते, हे त्यांना बघवेना. म्हणून आठवडाभर मोठं पातेलं अडवून त्यांनी 'अजिबात न झोंबणारा' शाम्पू शिजवला. त्या वाफेनं खिडकीतल्या रोपानं मान टाकली होती. पाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांचा प्रश्न, पण म्हाताऱ्याला तोंडावर नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्यानं तर सरळ हात वर केले.

"तुझंच खातं आहे ना ते? तूच बघ!"

खातं खरंच तिचं होतं. नवी रसायनं डोळ्यांना झोंबतात का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिथं ससे नाहीत, उंदीर नाहीत. नखाएवढ्या वाट्यांमध्ये माणसाच्या पेशींचा थर वाढवलेला असतो, बुबुळावरच्या पडद्यासारखा. त्यावर नमुन्याचे थेंब टाकायचे, धुवायचे आणि पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर रंग जांभळा होतो. मेल्या तर बिचारा पिवळाच राहतो.

तिनं औषधाच्या बाटलीतून गुपचूप थोडा शाम्पू नेला. तिथं नमुन्याला नाव नसतं, फक्त क्रमांक. सात नंबर एका कंपनीचा होता. तिनं याला आठ दिला आणि तीन जादाच्या वाट्या वापरल्या. सात नंबर छान जांभळा झाला. आठच्या तिन्ही वाट्या पिवळ्याधमक!

"आठ नंबर कुणाचा?" मागून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"एक... वयस्कर गृहस्थ आहेत, मॅडम."

"मग फोन नंबर कुठाय? लिहा आधी."

घाबरून तिनं घरचाच नंबर लिहिला. नोंदणीचा कारकून एरवी दहादा सांगून हलायचा नाही, पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! त्यानं लगेच फोन लावून निकाल कळवला. अर्ध्या तासात सासरे बाटली घेऊन दारात हजर.

"माझ्या शाम्पूनं मेल्या? कोण मेल्या?"

"पेशी, बाबा. माणसाच्या."

"कुठल्या माणसाच्या? दाखव मला तो माणूस!"

मॅडमनी चष्मा सावरला. "आपण यांचे कोण?"

"सासरा! आणि आत्ताच्या आत्ता पुन्हा तपासा, माझ्यासमोर!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सूनबाईंना झालं. मॅडमनी मात्र शांतपणे आणखी तीन वाट्या काढल्या. सासरे काचेला नाक लावून दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी तिन्ही वाट्या पिवळ्या.

सासऱ्यांनी बाटली बाकावर ठेवून मान खाली घातली. "म्हणजे मी पोरीच्या डोळ्यांत हे घालणार होतो?" सूनबाईंना भडभडून आलं. कसाही असो, माणसानं जीव ओतून केला होता तो शाम्पू.

"मॅडम," ती एकदम म्हणाली, "सहाच्या सहा मेल्या. एकसुद्धा वाचली नाही. नव्या लोकांच्या सरावाला आपल्याला असंच हमखास मारणारं काहीतरी लागतं ना?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "लागतं खरं. महिन्याला एक बाटली द्याल का?"

"हमखास म्हणालात ना?" सासऱ्यांनी मान वर केली.

रविवारी चिमणी न्हाणीघरात ती बाटली घेऊन उभी राहिली. "आजोबा, आज हा लावायचा ना?"

"खबरदार हात लावशील तर! प्रयोगशाळेचा माल आहे तो." सासऱ्यांनी बाटली हिसकावून उंच फळीवर ठेवली आणि दुकानातल्या शाम्पूचं झाकण उघडलं. "डोळे घट्ट मीट गं बाई. या बाजारातल्या मालाचा काही भरवसा नाही."