पाच हद्दी मोडल्या आणि कातरवाडीस पाणी आले त्याची हकीकत

श्रीगजानन वंदून, वाग्देवतेस हात जोडून, घडले तैसे कागदी उतरिले आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस हुजुरांचा हुकूम आला की शेजारशेजारच्या पाच पालिकांनी आपापल्या गाद्या उतरवून एक महापालिका व्हावे. पैकी थोरपेठ सर्वांत जबर, तेथील अध्यक्ष दिनकरराव वाघचौरे, स्वारी निघाली की पुढे तीन गाड्या आणि मागे सात. आणि सर्वांत धाकटी कातरवाडी, तेथील अध्यक्षा मथुराबाई सोनटक्के, अकरा वर्षे गादीवर, स्वारी स्कुटीवरून. थोरपेठेचा थोरला नळ कातरवाडीच्या पोटाखालून जात असे, परंतु थेंब देतील तर शपथ, अर्ज केला की उत्तर येई, "कातरवाडी आमचे हद्दीबाहेर." मथुराबाईंनी हट्टास पेटून गल्लोगल्ली नळ घातले, थोरल्या नळापासून हातभर अंतरावर आणून ठेविले, आणि ते कोरडेच राहिले, मग लोक त्यांस कोरड्या नळाच्या आक्का म्हणो लागले, ते बाईंचे जिव्हारी लागले.

मग सभेस मांडव उभारिला आणि पाचही अध्यक्ष जमले आणि नव्या शहराचे नाव काय यावर रण माजले. दिनकरराव गरजले, "थोरपेठच! दुसरं नाव ऐकून घेणार नाही." दुसरे उठले, तिसरे माइकास झोंबले, आणि चौथ्यांनी पाचही नावे जोडून पाहिली तो पाटी रस्त्याहून रुंद जाहली. कातरवाडीकर मागून ओरडले, "आक्का, उठा! आपलं नाव पुढं करा!" आक्कांचे चित्त तिकडे नव्हतेच. नव्या महापालिकेच्या आयुक्तसाहेबांनी कसाबसा हुकूम वाचिला, "या घडीपासून पाचही हद्दी मोडल्या," तो बाई ताडकन उठल्या.

"साहेब, कातरवाडी आता हद्दीत का बाहेर?"

"आत."

"मग नळजोडणीला सही कोणाची?"

"आता माझीच."

"हा अर्ज. करा."

एवढ्या गलबल्यात एक तरी सरळ प्रश्न कानी आला म्हणोन साहेब हर्ष पावले आणि सही ठोकते जाहले. मग बाई पदर खोचून स्कुटीवर आरूढ जाहल्या, मागे रखमाजी, जो गावचे पाणी सोडणारा चावीवाला. थोरल्या नळापाशी येताच रखमाजी म्हणाला, "आक्का, वाघचौरे मला जिता सोडायचे नाहीत."

"वाघचौरे आता अध्यक्ष नाहीत. मीही नाही. तू चावी फिरव."

मग जोड बसला आणि चावी फिरली आणि नळ आधी खोकला, मग शिंकला, मग असा फुटून आला की कातरवाडीत एकच कल्लोळ! घागरी धावल्या, बादल्या धावल्या, कोणी चुलीवरला कुकर रिता करून धावली, आणि वाटेने चाललेली वरात थांबून नवरदेव घोड्यासकट भिजला. इतक्यात दिनकरराव दहाही गाड्यांनिशी चालून आले, तो एका म्हातारीने हर्षाचे भरात भरला तांब्या त्यांचे मस्तकी ओतिला. दिनकररावांनी मिशा पिळल्या, पाणी झाडिले आणि अकस्मात खदखदा हसो लागले.

"आक्का, खुर्ची गेली ओ आमची!"

"माझीबी गेली. या, चहा टाकते. पाणी आहे आता."

सारांश, पाच गाद्या बुडाल्या, एक शहर उभे राहिले, नावाची मसलत अद्याप चालू आहे. आणि मथुराबाई पदावर नसता रोज प्रातःकाळी नळावर शेजारणींशी कडाक्याने भांडतात आणि परम सुखी आहेत. इति हकीकत पुरी.